डेस्कटॉप सुरू व्हायला सात मिनिटे लागतात. फॉरमॅट करण्याआधी काय तपासावे?

तुमच्या प्रश्नातली माहिती थोडक्यात अशी आहे. तुम्ही घरूनच लग्नपत्रिका करून देण्याचे आणि लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरण्याचे काम करता. चौथ्या पिढीचा कोअर आय-थ्री, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १० असा तुमचा जुना डेस्कटॉप आहे. सकाळी बटण दाबल्यापासून काम हाती घेईपर्यंत सहा-सात मिनिटे जातात, तोवर गिऱ्हाईक खोळंबून बसते, आणि दुरुस्तीवाल्याने ‘फॉरमॅट मारू, नाहीतर नवीनच घ्या’ असे सांगितले आहे. मी तालुक्याच्या गावी अनेक वर्षे संगणक दुरुस्तीचे काम करतो आणि नेमकी हीच तक्रार माझ्याकडे सगळ्यात जास्त येते. माझे मत विचाराल तर आज तरी फॉरमॅटला नाही म्हणा. त्या सात मिनिटांत तीन वेगवेगळे खोळंबे एकत्र आलेले असतात, तिघांची कारणे वेगळी असतात, आणि फॉरमॅटने त्यांपैकी फार तर एखाद्याचाच निकाल लागतो.

म्हणून उद्या सकाळी घड्याळ आणि कागद घेऊन संगणकासमोर बसा. बटण दाबल्यापासून स्क्रीनवर गोल फिरणारे पांढरे ठिपके दिसेपर्यंत किती सेकंद गेले ते लिहा. हा पहिला टप्पा. ठिपके दिसल्यापासून पासवर्डची स्क्रीन येईपर्यंत दुसरा. पासवर्ड टाकल्यापासून एखाद्या फोल्डरवर डबल क्लिक केल्याबरोबर तो उघडेपर्यंत तिसरा. डेस्कटॉपचे चित्र आणि आयकॉन दिसले म्हणजे संगणक सुरू झाला असे धरू नका, कारण खरी रखडपट्टी पुष्कळदा त्यानंतरच असते. हेच माप दुसऱ्यांदा ‘रीस्टार्ट’ करून घ्या. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली आहे. तिच्यामुळे आपण ‘शट डाउन’ म्हटले तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता डिस्कवर एका फाइलमध्ये जपून ठेवला जातो आणि सकाळी तिथूनच उचलला जातो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळे खरोखर नव्याने सुरू होते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर (संगणकात काय काय चालू आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडा आणि ‘परफॉर्मन्स’खाली सीपीयूचा ‘अप टाइम’, म्हणजे सलग चालू असल्याचा काळ, पाहा. रोज रात्री संगणक बंद करणाऱ्यांनाही तिथे पंधरा-वीस दिवसांचा आकडा दिसतो, तो याचमुळे. रीस्टार्टला कमी वेळ आणि सकाळच्या सुरुवातीला जास्त वेळ लागत असेल, तर कंट्रोल पॅनेलमधल्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये जाऊन ही सोय आठवडाभर बंद ठेवून पाहा.

पहिल्या टप्प्याला पंधरा-वीस सेकंदांहून फार जास्त वेळ लागत असेल, तर दोष विंडोजचा नाही, कारण विंडोज अजून सुरूच झालेली नसते. या वेळात मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडलेली आतली मुख्य पाटी, आपली रॅम, डिस्क, कीबोर्ड आणि यूएसबीला जोडलेले प्रत्येक उपकरण तपासत असतो. एका वाचनालयाच्या डेस्कटॉपची मला आठवण होते. तिथे दोनदा फॉरमॅट करून झाले होते, तरी तक्रार जशीच्या तशी होती. मी घड्याळ लावून बसलो तेव्हा सुरुवातीला दिसणाऱ्या कंपनीच्या एकट्या लोगोलाच एक मिनिट पन्नास सेकंद लागले. कॅबिनेट भिंतीपासून पुढे ओढले, तर मागच्या यूएसबीत धुळीने करडा झालेला एक पेनड्राइव्ह निघाला, बहुधा कुणीतरी विंडोज टाकताना लावलेला आणि तसाच विसरलेला. सुरू होण्याच्या क्रमात यूएसबी पहिली होती, त्यामुळे रोज सकाळी मदरबोर्ड आधी त्या नादुरुस्त पेनड्राइव्हकडून उत्तराची वाट पाहत असे. तो काढला आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये) हार्ड डिस्क पहिल्या क्रमांकावर आणली, तेव्हा लोगो चौदा सेकंदांत गेला. तुम्हीही कीबोर्ड आणि माउस सोडून प्रिंटर, स्कॅनर, कार्ड रीडर, बाहेरची डिस्क असे सगळे काढून एकदा माप घ्या. बंद पडलेला डीव्हीडी ड्राइव्हही हाच त्रास देतो. त्याची केबल आतून काढून ठेवली तरी चालते.

याच टप्प्याशी संबंधित आणखी एक गोष्ट आहे. आपल्याकडे रात्री भिंतीवरच्या बोर्डाचे बटण बंद करण्याची सवय असते, आणि ती चांगलीच आहे. मात्र त्या वेळात मदरबोर्डवरचे घड्याळ आणि बायोसच्या नोंदी सीआर २०३२ या नाण्याएवढ्या ३ व्होल्टच्या सेलवर चालतात. तो सेल उतरला की सकाळी तारीख भलतीच दिसते, कधी ‘एफ वन दाबा’ असा संदेश येतो, आणि बायोस दर वेळी मूळ नोंदींवर परत जाऊन सगळी तपासणी नव्याने करतो. तारीख चुकली की फॉर्म भरण्याच्या वेबसाइटसुद्धा ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत, आणि लोक इंटरनेटला दोष देत बसतात. हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

आता दुसरा टप्पा. ठिपके दोन-दोन मिनिटे फिरत राहत असतील, तर इतर काहीही करण्याआधी डिस्कची तब्येत पाहा, आणि ही एक गोष्ट कृपया टाळू नका. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे मोफत साधन उघडले की डिस्कची अवस्था रंगाने दिसते: निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. खालच्या यादीत ‘रीअॅलोकेटेड सेक्टर्स’ (खराब म्हणून बदललेल्या जागा) आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या दोन ओळी वाचा. तिथले आकडे मुळात षोडशमान पद्धतीने, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत, लिहिलेले असतात, म्हणून शेवटी ३० दिसले तर त्याचा अर्थ ४८ असा घ्यावा. पेंडिंगचा आकडा शून्याहून जास्त असेल, तर डिस्कवर तितक्या जागा अशा आहेत ज्या वाचताना ती अडखळते, पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि तोवर सगळा संगणक थांबवून ठेवते. ‘अल्ट्रा डीएमए सीआरसी एरर’ची ओळ दिवसेंदिवस वाढत असेल, तर मात्र डिस्कऐवजी साटा केबलवर (डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या केबलवर) संशय घ्या आणि ती बदलून पाहा.

एका शिक्षकांचा संगणक माझ्याकडे आला तेव्हा तो सुरू व्हायला अकरा मिनिटे लागत होती आणि दर आठवड्याला त्यात भर पडत होती. कॅबिनेटवरचा लाल दिवा लुकलुकायचे सोडून सलग जळत होता, आणि कान जवळ नेला की मध्येच ‘टक्’ असा आवाज येऊन काही क्षण सगळे शांत होत असे. दुसऱ्या दुकानात त्यांना फॉरमॅटसाठी दुसऱ्या दिवशीची वेळ दिलेली होती. डिस्क पिवळ्या रंगात होती. आम्ही ती बाहेर काढून दुसऱ्या संगणकाला जोडली आणि मुलीच्या लहानपणापासूनचे फोटो आधी उतरवून घेतले. त्याला दोन रात्री लागल्या. पुढच्या आठवड्यात ती डिस्क फिरायचीच थांबली. फॉरमॅटने आजारी डिस्क बरी होत नाही, उलट तिच्यावर नव्याने लिहिण्याचा ताण पडतो आणि जुने परत मिळवण्याची वाट बंद होते. तुमच्या डिस्कवर गिऱ्हाइकांच्या पत्रिकांच्या मूळ फाइली असतील, म्हणून मी हे इतक्या आग्रहाने लिहितो आहे. रंग निळा असला तरी त्या फाइलींची एक प्रत आजच दुसरीकडे काढून ठेवा.

डिस्क निरोगी निघाली, तरीही विंडोज १० साठी ती अपुरी पडते, आणि त्याचे कारण साध्या हिशेबात दिसते. मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, आणि ते टोक योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद लागतात. म्हणजे विखुरलेले तुकडे वाचताना डिस्क सेकंदाला जेमतेम ऐंशीच्या आसपास तुकडे उचलते. सुरू होताना विंडोज आणि तिच्यासोबतचे प्रोग्राम मिळून असे समजा वीस हजार तुकडे मागत असतील, तर चार मिनिटे तिथेच संपली. एसएसडीमध्ये, म्हणजे चकतीऐवजी चिपमध्ये माहिती ठेवणाऱ्या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये, फिरणारे काहीच नसल्यामुळे तोच तुकडा मिळायला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच्या रकान्यात सुरुवातीची काही मिनिटे सतत १०० टक्के दिसत असेल आणि त्याच वेळी वाचनाचा वेग मात्र सेकंदाला एक-दोन एमबीच असेल, तर तुमचा संगणक याच कारणाने अडला आहे हे नक्की समजा.

तिसऱ्या टप्प्याचे काम तुम्ही स्वतः, पैसे न खर्चता करू शकता. टास्क मॅनेजर उघडा आणि ‘स्टार्टअप’च्या पानावर जा. व्हिडिओ कॉलचे, गाण्यांचे, टोरंटचे, निरनिराळ्या कंपन्यांच्या अपडेटचे प्रोग्राम तिथे ‘डिसेबल’ करा. त्याने प्रोग्राम काढला जात नाही, फक्त आपोआप सुरू होत नाही. मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर, डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा प्रोग्राम, आवाजाचा ड्रायव्हर आणि अँटिव्हायरस मात्र राहू द्या. तिथल्या ‘हाय इम्पॅक्ट’ या शेऱ्याने घाबरून जाऊ नका; सुरू होताना एका सेकंदाहून जास्त प्रोसेसर किंवा ३ एमबीहून जास्त डिस्क वापरली की तो शेरा मिळतो, त्यामुळे तो जवळजवळ सगळ्यांनाच लागतो. बाहेरून टाकलेले दोन अँटिव्हायरस एकत्र असतील तर एक काढून टाका, कारण प्रत्येक फाइल दोघेही तपासतात.

पत्रिकांचे काम करणाऱ्यांच्या संगणकात मला हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे फॉन्टचा ढीग. कुणीतरी दिलेल्या सीडीवरचे दीड-दोन हजार फॉन्ट सरसकट टाकलेले असतात, आणि प्रत्यक्ष वापरात त्यांतले वीस-पंचवीसच असतात. या सगळ्यांची नोंद विंडोजला आणि डिझाइनच्या सॉफ्टवेअरला ठेवावी लागते, त्यामुळे सुरुवातीला आणि विशेषतः ते सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडताना वेळ जातो. न लागणारे फॉन्ट एका फोल्डरमध्ये जपून ठेवा आणि विंडोजच्या फॉन्टच्या यादीतून काढा. एखादी जुनी पत्रिका उघडताना गरज पडली तर तेवढाच परत टाकता येतो.

खर्च करायचाच असेल तर माझा क्रम असा आहे: आधी एसएसडी, मग रॅम. तुमच्या पिढीच्या प्रोसेसरबरोबर बहुधा एच ८१ चिपसेटचा मदरबोर्ड असतो. त्यावर साटाची काही जोडणी ६ गिगाबिटची आणि काही ३ गिगाबिटची असते, बोर्डावर तसे छापलेले असते. एसएसडी ६ च्या जोडणीत लावून घ्या. चुकून ३ मध्ये लागली तरी फरक जाणवेलच, कारण खरा फायदा तुकडा चटकन मिळण्याचा आहे. साधारण २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी विंडोज आणि सॉफ्टवेअरला पुरते. जुनी डिस्क निरोगी असेल तर ती फाइलींसाठी तशीच राहू द्या. जुन्या विंडोजची हुबेहूब प्रत एसएसडीवर करून घेतलीत, तर पहिल्यांदा सुरू करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवायला सांगा. दोन्हीकडे तीच विंडोज असली की संगणक कधी कधी जुन्यावरूनच सुरू होत राहतो आणि मालकाला वाटते की पैसे वाया गेले. रॅमचा निर्णय टास्क मॅनेजर पाहून घ्या: सुरू झाल्यावर काहीही उघडलेले नसताना मेमरी ७० टक्क्यांच्या वर असेल, तर ४ च्या ८ जीबी करून घ्या. त्या बोर्डाला डीडीआर-थ्री रॅम लागते आणि ती जुन्या बाजारातही मिळते. ‘संगणक वेगवान करा’ म्हणणारे क्लीनर आणि बूस्टर मात्र टाकू नका; त्यांतले बरेचसे स्वतःच स्टार्टअपमध्ये जाऊन बसतात.

नवीन संगणक घेण्याच्या सल्ल्यात एका मुद्द्यापुरते तथ्य आहे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलची निदान आठवी पिढी लागते, त्यामुळे तुमचा संगणक अधिकृतपणे तिकडे जाऊ शकत नाही. तुम्ही लोकांचे आधार आणि बँकेचे तपशील हाताळता, म्हणून हा प्रश्न वेगापेक्षा वेगळा असला तरी बाजूला सारण्यासारखा नाही. सुरक्षेच्या वाढीव अपडेटसाठी मायक्रोसॉफ्टची नोंदणी करता येते, ती विंडोज अपडेटच्या पानावरून करून घ्या आणि नव्या संगणकासाठी सवडीने पैसे बाजूला टाका. आज घेतलेली एसएसडी तेव्हाही बाहेरच्या डिस्कसारखी कामाला येईल.

तिन्ही टप्प्यांचे सेकंद, क्रिस्टलडिस्कइन्फोमधला रंग आणि पेंडिंगचा आकडा एवढे इथे लिहिलेत, तर त्यावरून नेमके पुढे काय करायचे ते मी सांगेन.