सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल मोठं झाल्यावर कसं जगतं? वयाबरोबर त्रास वाढत जातो का?

तुमची मुलगी 11 वर्षांची आहे आणि पुढच्या काळजीनं तुम्ही हे विचारलंय, म्हणून स्वतःचंच सांगतो. मला जन्मापासून सेरेब्रल पाल्सीचाच एक प्रकार, स्पास्टिक डायप्लेजिया आहे, म्हणजे मुख्यतः दोन्ही पाय आखडलेले. आता चाळिशी ओलांडली.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला लहानपणीच किंवा जन्माआधी झालेली इजा, त्यामुळे हालचालींवरचा ताबा बिघडतो. ही इजा पुढे वाढत नाही. शरीर मात्र बदलत राहतं. वाढीच्या वयात हाडं भराभर लांब होतात, आखडलेल्या स्नायूंना तो वेग झेपत नाही. शाळेच्या शेवटच्या वर्षांत माझे गुडघे जास्तच वाकायला लागले, तेव्हा घरच्यांना वाटलं मी व्यायामात टंगळमंगळ करतोय. (करायचोच, पण कारण ते नव्हतं.)

मोठेपणी खरा प्रश्न दमण्याचा. तेवढंच अंतर चालायला आम्हाला इतरांपेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते आणि सांध्यांची झीज लवकर होते. माझी कंबर तिशीतच कुरकुरायला लागली. थंडीत, घाईत, ताणात स्नायू आणखी ताठरतात. कुणी बघत उभं असलं की शर्टाचं वरचं बटण हमखास लागत नाही. मागून मोठ्यानं हाक आली तरी सगळं अंग दचकतं, त्यामुळे माझा कप कायम अर्धाच भरलेला.

लांब जायचं असेल तर मी सरळ व्हीलचेअर घेतो. खुर्चीत बसला म्हणजे हरला, असं मानणारे भरपूर भेटतात. त्यांना मी उत्तर देत नाही. ऑफिसात पोचल्यावर काम करायला अंगात जीव उरला पाहिजे, एवढाच माझा हिशोब.

डॉक्टरांचं मात्र अवघड आहे. 18 नंतर बालरोगतज्ज्ञ सुटतात आणि मोठ्यांच्या डॉक्टरांपैकी अनेकांना यातलं फारसं ठाऊक नसतं. हातात नवी बधिरता आली, लघवीवरचा ताबा सुटला किंवा चालणं एकाएकी बिघडलं, तर 'तुमचं असंच असतं' हे ऐकून परत येऊ नका. मानेच्या मणक्यात मज्जारज्जू दाबला जात असू शकतो, तपासून घ्याच.

आणि डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरं आतापासून मुलीलाच देऊ द्या, वेळ लागला तरी. माझ्याबद्दलचे प्रश्न लोक अजूनही शेजारच्या माणसाला विचारतात. तिचे एक्स-रे, ऑपरेशनचे कागद एका फायलीत जपून ठेवा आणि काय कधी झालं ते तिलाही सांगून ठेवा. पुढे नवा डॉक्टर तेच विचारणार आहे.