बोट दुरुस्तीला लावून सहा आठवडे तिच्यावरच राहायचं आहे. मरीनात ओळखी कशा होतील?

तुम्ही लिहिलंय की शाफ्टचं (पंखा फिरवणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग, दोन सीकॉक (बोटीच्या तळातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या तोट्या) आणि तळाचा रंग यासाठी बोट पाण्याबाहेर काढणार आहात, सहा आठवडे दोघं तिच्यावरच राहणार आहात आणि त्या मरीनात, म्हणजे बोटी लावायच्या बंदरात, ओळखीचं कुणीच नाही. माणसांत मिसळायची इच्छा आहे, पण त्यात कामं लांबतील अशी धास्ती वाटते.

कामं लांबतीलच, पण ती माणसांमुळे नाही. आमचा गिअरबॉक्स उतरवला तेव्हा आम्ही तीन आठवडे धरले होते, लागले अकरा. एक भाग चुकीचा आला, परत गेला, बरोबर भाग यायला महिना गेला. तोवर शाफ्टही बाहेर काढला आणि त्याचं बेअरिंग झिजलेलं निघालं. त्या अकरा आठवड्यांत गप्पांमध्ये गेलेला सगळा वेळ गोळा केला तर फार तर चार दिवसांचा होईल. त्या गप्पांनी वाचवलेले दिवस त्याहून कितीतरी जास्त होते. म्हणून ओळखी म्हणजे कामातून चोरलेला वेळ असं मनातून काढून टाका. यार्डात, म्हणजे मरीनातल्या बोटी दुरुस्त करायच्या आवारात, ओळखी कामातूनच होतात.

मला हे उशिरा कळलं. पहिले दहा दिवस मी आणि नवरा सकाळी उठून आत शिरायचो आणि अंधार पडला की बाहेर यायचो. फळ्या उचकटलेल्या, गादीवर हत्यारं, इंजिनाच्या तेलाचा वास. यार्डाच्या मुकादमाशिवाय कुणाशी बोललो नव्हतो. अकराव्या दिवशी मी बोटीखाली बसून ते कटलेस बेअरिंग काढत होते. बाहेरून पितळी नळी, आत खाचांचं रबर, आणि वर्षानुवर्षं पाण्यात राहून ते आपल्या खोबणीत घट्ट रुतून बसलेलं. हॅक्सॉचं पातं हातात धरून मी नळी लांबीभर कापत होते, खोबणीला धक्का लागू नये म्हणून जीव मुठीत धरून. दोन बोटी पलीकडचे एक आजोबा येऊन थोडा वेळ उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, “किती वेळ झाला?” मी म्हटलं, दीड तास. ते गेले आणि एक ओढणी, म्हणजे बेअरिंग ओढून काढायचं हत्यार, घेऊन आले: लांब आट्यांचा रॉड, दोन जाड वॉशर, एक नळीचा तुकडा आणि नट. त्यांनी ती स्वतः बनवली होती. वीस मिनिटांत बेअरिंग बाहेर आलं. संध्याकाळी ओढणी पुसून, आट्यांना ग्रीस लावून मी परत द्यायला गेले तेव्हा त्यांनी त्यांच्या बोटीचं इंजिन दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारच्या बाईंनी हाक मारून विचारलं, “ती गिअरबॉक्सवाली तूच का?”

यावरून एक गोष्ट सांगते. मदत देऊ करण्यापेक्षा मदत मागणं ओळखीला जास्त उपयोगी पडतं, पण मागणं नेमकं हवं. “तुम्हाला बोटींमधलं कळतं का?” या प्रश्नाला कुणी काय उत्तर देणार? “हा सीकॉक फिरत नाही, उष्णता देऊ की भेदक तेल टाकून रात्रभर ठेवू?” असं विचारा, समोरचा गुडघे टेकून बघायला बसेल. आणि कुणाचं हत्यार आणलं तर ते त्याच दिवशी, आणलं त्याहून स्वच्छ करून परत करा. पातं तुटलं तर नवं लावून द्या. यार्डात माणसाची पत यावरच ठरते, आणि ती दोन दिवसांत सगळ्या रांगेला माहीत होते. उलट न विचारता सल्ला देणारा माणूस दिसला की लोक शिडीवरून आत जातात. तळाच्या रंगाबद्दल प्रत्येक बोटवाल्याचं स्वतःचं ठाम मत असतं. ऐकून घ्या. तुमचं मत विचारेपर्यंत थांबा.

जमिनीवरच्या बोटीत राहणं पाण्यातल्यापेक्षा फार वेगळं असतं, आणि तेच ओळखींना मदतीचं ठरतं. बेसिनचं पाणी खाली कुणाच्या डोक्यावर सोडता येत नाही, बोटीतला संडास वापरता येत नाही, समुद्राच्या पाण्यावर थंड होणारा फ्रीज बंद ठेवावा लागतो. मग दिवसातून सहा-सात वेळा शिडी उतरून नळावर, न्हाणीघरात, कपडे धुवायच्या यंत्राकडे चालत जावं लागतं. सुरुवातीला मला याचा फार त्रास वाटायचा. पण आमच्या निम्म्याहून अधिक ओळखी त्याच वाटेवर झाल्या. यंत्रात कपडे टाकले की चाळीस मिनिटं हातात असतात, समोरच्याच्याही. त्या खोलीत पुस्तकांचं फडताळ असेल तर तिथं थांबा. (बोट बाहेर असताना वर राहायची परवानगी सगळी यार्डं देत नाहीत. हे आधी लेखी विचारून घ्या.)

शेजाऱ्याच्या शिडीवर न विचारता पाय ठेवू नका. खाली उभं राहून बोटीच्या अंगावर बोटांनी टकटक करायची आणि बोटीचं नाव घेऊन हाक मारायची. पाण्यात असलेल्या बोटीलाही तेच. तिचा डेक म्हणजे कुणाच्या तरी घराचा उंबरठा असतो. माणसांची नावं लोक विसरतात, बोटींची विसरत नाहीत. वहीत बोटीचं नाव आणि पुढे माणसांची नावं असं लिहून ठेवा, तिसऱ्या भेटीत नावानं हाक मारता येते. आणि कुणाच्या हातात रोलर किंवा कालवलेल्या इपॉक्सीचा (दोन भाग मिसळून करायच्या चिकट द्रव्याचा) डबा असेल तर नुसता हात करून पुढे जा. दोन भाग एकत्र झाले की ते मिश्रण काही मिनिटांत घट्ट व्हायला लागतं, उन्हात आणखी लवकर. त्या वेळी प्रेमानं विचारपूस करणाऱ्या माणसामुळेही डबा वाया जातो.

रंग घासण्याबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण यार्डातली सगळ्यात कडवी भांडणं मी याच्यावरून पाहिली. तळाचा रंग सहसा विषारी असतो, तेच त्याचं काम. बहुतेक रंगांत तांब्याची संयुगं असतात, म्हणून शिंपले आणि शेवाळ धरत नाही. जुन्या बोटीवर खालच्या थरांत कथिलाची संयुगं असलेला रंगही निघू शकतो. त्यांच्यावर २००१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने बंदी घातली आणि तो करार २००८ मध्ये लागू झाला. घासताना उडणारी या रंगांची धूळ वाऱ्यानं शेजाऱ्याच्या उघड्या झरोक्यातून त्याच्या अंथरुणावर जाते. म्हणून धूळ उडवत कोरडं घासूच नका. पाणी लावून घासा किंवा यंत्राला धूळ ओढणारा पंप जोडा. चांगला मास्क घाला, खाली ताडपत्री पसरा. आणि आदल्या संध्याकाळी दोन्ही बाजूंच्या बोटींना सांगून या: “उद्या सकाळी घासणार आहे, झरोके लावून घ्याल का? तुमचा कुठला रंग ओला असणार आहे का?” या एका फेरीनं आम्हाला जेवढे शेजारी मिळाले तेवढे कुठल्या मेजवानीनं मिळाले नसते. आपल्यामुळे दुसऱ्याला काय सोसावं लागेल याचा आधी विचार करणारं माणूस सगळ्यांनाच शेजारी हवं असतं. डोलकाठीवर रात्रभर फटफटणारे दोर काठीपासून दूर ओढून बांधणं हीही अशीच गोष्ट.

जमिनीवर बोटीला आधार देणाऱ्या टेकूंना मात्र कुणीही हात लावायचा नाही, तुम्ही नाही आणि मदतीला आलेल्या हौशी मित्रानंही नाही. टेकूमागचा रंगाचा तुकडा राहिला असेल तर यार्डाची माणसंच टेकू हलवतील. टेकूंना ताडपत्री बांधायची नाही. वाऱ्यानं ताडपत्री फुगली की टेकू ओढला जातो. समोरासमोरचे टेकू साखळीनं एकमेकांना जोडलेत की नाही ते रोज बघत जा.

काही ठिकाणी सकाळी ठरलेल्या वेळी व्हीएचएफवर, म्हणजे बोटीवरच्या रेडिओवर, सगळ्या बोटींचं बोलणं चालतं. चॅनल १६ संकटासाठी आणि हाक देण्यापुरता, त्यामुळे हे दुसऱ्या चॅनलवर असतं. कुठल्या ते ऑफिसात विचारा. आधी कुणाला तातडीची अडचण आहे का, मग हवामान, मग नवे आलेले आणि निघालेले, आणि शेवटी कुणाला काय हवंय आणि कुणाकडे काय जास्तीचं पडलंय. एक दिवस नुसतं ऐका, दुसऱ्या दिवशी बोटीचं नाव आणि कामाचं दोन वाक्यांत सांगा. आम्हाला गिअरबॉक्सचं एक सील याच शेवटच्या भागात मिळालं.

संध्याकाळी लोकांना बोलवायचं तर बोट आवरायची वाट बघू नका. आमची सहा आठवडे आवरलीच नव्हती. बोटीखाली, तिच्या सावलीत पालथ्या बादल्या मांडल्या की बैठक तयार. जोशुआ स्लोकम या खलाशानं अमेरिकेतल्या फेअरहेवनला एका शेतात टेकूंवर उभी असलेली ‘स्प्रे’ नावाची मोडकी बोट तेरा महिने खपून नव्यानं बांधली. त्या काळात व्हेलच्या शिकारीवर जाणारे कप्तान तिथे येऊन काम बघायचे आणि गप्पा मारायचे. पुढे १८९५ ते १८९८ मध्ये त्यानं तिच्यातून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. काम चालू असलेली बोट माणसांना ओढून आणतेच, तेव्हा आणि आताही. फक्त बोलावताना उठायची वेळ आधीच सांगून ठेवा. आणि ज्याला पुन्हा शिडी चढायची आहे त्यानं दारू पिऊ नये, हे मी अगदी कळकळीनं सांगते. शिडीचं वरचं टोक बोटीला घट्ट बांधलेलं हवं, आणि शेवटच्या पायरीपाशी रात्री दिवा हवा.

मुलं असलेल्या बोटी शेजारी असतील तर आणखी एक. मरीनाच्या पाण्यात कुणाला पोहू देऊ नका. एखाद्या बोटीनं किनाऱ्यावरून घेतलेल्या विजेच्या जोडणीत बिघाड असेल तर पाण्यात वीज उतरते आणि पोहणाऱ्याचे स्नायू आखडून तो बुडतो. गोड्या पाण्यात हा धोका अधिक, कारण त्या पाण्यापेक्षा माणसाच्या अंगातून वीज सहज वाहते.

तुम्ही दोघांबद्दल विचारलं नाहीये, तरी लिहिते. उचकटलेल्या बोटीत दोन माणसं चोवीस तास राहिली की भांडण स्क्रूवरून होतं, पण तो स्क्रू कारण नसतो. आठव्या आठवड्यात आम्ही दोन दिवस एकमेकांशी बोललो नव्हतो. त्यानंतर ठरवलं की आठवड्यातून एक दिवस हत्यार उचलायचं नाही आणि त्या दिवसातला अर्धा वेळ वेगवेगळं फिरायचं. त्याचे मित्र वेगळे झाले, माझ्या मैत्रिणी वेगळ्या झाल्या, आणि रात्री सांगायला काहीतरी उरायला लागलं. ज्या दिवशी कुणी नको असेल त्या दिवशी झडप लावून घ्या. पुस्तक घेऊन आत बसलेल्या माणसाला कुणी उद्धट म्हणत नाही, यार्डात सगळ्यांना असे दिवस येतात.

शेवटी पाण्यात उतरायचा दिवस. बोट उचलणाऱ्या लिफ्टनं ती पाण्यात टेकवली की पट्टे सोडायच्या आधी वेळ मागून घ्या. एकजण आत उतरून प्रत्येक सीकॉक आणि शाफ्टचं सील (शाफ्टपाशी पाणी आत येऊ न देणारा भाग) टॉर्च धरून बघेल. न ठिबकणारं सील असेल तर त्यातली अडकलेली हवा हातानं दाबून काढावी लागते. दुसरा सुकाणूपाशी. मग पुढचा आणि मागचा दोर धरायला दोन माणसं कमी पडतात, ती आदल्या दिवशीच सांगून ठेवा. आमच्या वेळी पुढचा दोर त्या ओढणीवाल्या आजोबांकडे होता. मी पोटावर पडून शाफ्टपाशी हाताचं बोट फिरवत होते आणि ते वरून विचारत होते, “थेंब?” मी ओरडले, “कोरडं!” आणि त्यांनी मागे वळून लिफ्टवाल्याला हात केला.