बिलात एक पैसा कमी का येतो?

प्रश्न : दुकानासाठी पायथनमध्ये छोटा बिलिंग प्रोग्रॅम लिहिलाय. अधूनमधून एखाद्या बिलात पैशाचा फरक पडतो आणि टॅलीशी जुळत नाही. १९.९९ ला १०० ने गुणून इंट (पूर्णांक) केलं तर १९९८ आलं! कॉम्प्युटर साधा गुणाकार चुकतो का? सगळीकडे राउंड टाकून दिलं तर चालेल ना?
– एक वाचक, बारामती

उत्तर : नाही चालणार, उलट चूक झाकली जाईल आणि नंतर शोधताना जीव जाईल. गुणाकार बरोबरच आहे हो, पण तुमचा १९.९९ जसाच्या तसा आत गेलेलाच नाही. फ्लोट, म्हणजे पायथनचा दशांश आकड्यांचा नेहमीचा प्रकार, आकडे बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, ठेवतो, आणि एक भागिले तीन करताना आपलं ०.३३३ जसं संपतच नाही तसं बायनरीत साध्या ०.१ चं सुद्धा होतं, मग ५३ बिटांत (० किंवा १ च्या ५३ जागांत) बसेल असा जवळात जवळचा आकडा ठेवला जातो. म्हणून तो गुणाकार १९९८.९९९९९९९९९९९९८ येतो आणि इंट पॉइंटनंतरचं सगळं उडवतो.

आता राउंडचं बघा. १०७ रुपयांवर अडीच टक्के सीजीएसटी म्हणजे २.६७५, आपल्याला हवेत २.६८, पण पायथनमध्ये २.६७५ दोन दशांशांना राउंड करून बघा, २.६७ च येईल, कारण आत २.६७४९९९… असं बसलंय.

पैशांसाठी फ्लोट वापरूच नका. एकतर सगळे हिशोब रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवा, नाहीतर पायथनचं डेसिमल मॉड्यूल (दशांश आकडे जसेच्या तसे ठेवणारा भाग) घ्या, पण त्यात आकडा अवतरणचिन्हात स्ट्रिंग (मजकूर) म्हणूनच द्या, नुसता ०.१ दिला तर फ्लोटची घाण तशीच आत येते. अजून एक, डेसिमलचं डिफॉल्ट राउंड-हाफ-ईव्हन आहे, म्हणजे बरोबर अर्ध्यावर असलेला आकडा जवळच्या सम अंकाकडे नेतं, २.६६५ चे २.६६ करतं, त्यामुळे क्वांटाइज (ठरलेल्या दशांशांना राउंड) करताना राउंड-हाफ-अप (अर्धा असेल तर वर) स्पष्ट लिहा. डेटाबेसचा कॉलमही डेसिमलच हवा.

आणि राउंड कुठे करायचं हे आधी ठरवा, प्रत्येक आयटमला की शेवटच्या टोटलला, टॅलीत जसं आहे तसंच. चुकीच्या जागी कापलं तर काय होतं बघा : कॅनडातल्या व्हँकूवर शेअर बाजाराचा इंडेक्स १९८२ मध्ये १००० वर सुरू झाला, प्रत्येक वेळी तीन दशांशांनंतरचं कापत गेले आणि नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो ५२४ च्या आसपास दिसत होता, खरा होता १०९८ च्या वर! एवढासा तुकडा, पण रोज हजारो वेळा.

जुन्या बिलांना मात्र हात लावू नका, ती गिऱ्हाइकाकडे गेलीत, तो फरक सीएंना विचारून राउंड ऑफच्या लेजरला (खात्याला) टाका.