ऑपरेशन झालं अन् फाईल कपाटात गेली

प्रश्न : ताई, मी उदगीरचा, वय 41, आडत दुकानावर बसतो. तीन वर्षाखाली पुण्याला वजनाचं ऑपरेशन केलं, स्लीव्हचं, म्हणजे जठर कापून लहान करायचं. 128 चा 84 झालो, शुगरची गोळी बंद झाली, गावातले लोक ओळखंनात. आता परत 95 वर आलोय. ऑपरेशन फेल गेलं का? एकजण म्हणायलेत की दुसरं करून घ्या. अजून एक, दोन-तीन महिन्यापासून तळपायाला मुंग्या येयलेत, चप्पल निसटली तरी कळंना. पुण्याला जायचं म्हणलं की दोन दिवस दुकान बंद, अन् खरं सांगू का, वाढलेलं वजन घेऊन डॉक्टरपुढं जायची लाजच वाटते.

उत्तर : दादा, वजनाचं नंतर बघू, आधी त्या मुंग्या. चप्पल निसटलेली कळत नाही म्हणजे गोष्ट साधी नाही. याच आठवड्यात उदगीरला नाहीतर लातूरला एमडी फिजिशियनकडं जा आणि खुर्चीत बसल्या बसल्या पहिलं हे सांगा की माझं पोटाचं ऑपरेशन झालंय, कारण तुमच्याकडं बघून ते कुणालाच कळणार नाही. बी-12, हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा), डी व्हिटॅमिन, कॅल्शियम आणि तीन महिन्यांची शुगर एवढं तरी तपासायला लागेलच. शुगर परत चढली असेल तरी मुंग्या येतात, त्यामुळं घरबसल्या आपणच ठरवायचं नाही.

माझा पहिला संशय बी-12 वर आहे. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. अन्नातलं बी-12 सुटं करायला जठरातलं आम्ल लागतं आणि ते पुढं आतड्यात शोषलं जायला जठरातच तयार होणारं एक प्रथिन लागतं, आता कारखानाच छोटा केल्यावर माल कुठून येणार. पण लिव्हरमध्ये जुना साठा असतो ना, म्हणून पहिलं वर्ष-दीड वर्ष काहीच कळत नाही, माणूस खूश असतो, गोळ्या संपल्या की परत आणत नाही, फाईल कपाटात जाते, अन् मग एक दिवस मुंग्या.

मला हे कसं माहीत? माझं स्वतःचं ऑपरेशन 2016 ला झालं. दुसऱ्या वर्षी वाटलं आता काय, मस्त तर आहे, केल्या गोळ्या बंद. मग ब्लाउजचा हुक बोटांना सापडेना. सापडला तरी लागला का नाही ते आरशात बघून कळायचं. एका डॉक्टरांनी मानेचा मणका सांगितला आणि मी दोन महिने गळ्यात पट्टा घालून फिरले. आता त्यांना दोष देऊ का? मी ऑपरेशनचं सांगितलंच नव्हतं, वजन कसं कमी झालं तर म्हणे डाएट केलं! बी-12 मोजलं तेव्हा इंजेक्शनं सुरू झाली, पण डाव्या हाताची दोन बोटं अजून थोडी बधीरच आहेत. उशीर झाला तर नस पूर्ण भरून येईलच असं नसतं, म्हणून तुमच्या मागं लागलेय.

आता वजन. 44 किलो उतरले त्यातले 11 परत आले, 33 अजून कमीच आहेत, याला फेल म्हणत नाहीत. भुकेचा घ्रेलिन नावाचा हार्मोन जास्त करून जठराच्या ज्या भागात बनतो तो भाग कापून जातो, म्हणून सुरुवातीला जेवणाची आठवणच होत नाही. पुढं भूक हळूहळू परत येते आणि दोन वर्षांनंतर थोडं वजन बऱ्याच जणांचं वाढतं. दुसरं ऑपरेशन असतं, नाही असं नाही, पण ते एन्डोस्कोपी वगैरे करून सर्जन ठरवतात, दुकानावर चहाला आलेला माणूस नाही.

अन् चहावरनं आठवलं, आडतीवर दिवसाला किती होतात? दहा कप धरा, कपात दीड चमचा साखर, तर नुसती साखरच 60-70 ग्रॅम झाली, म्हणजे अडीचशेच्या वर कॅलरी, आणि पोट भरल्याचं काहीच कळत नाही. आपल्यासारख्यांची गंमत ही की भाकरी अडकते पण भजी उतरतात, चिकनचे दोन तुकडे जड होतात पण शेव-चिवडा मूठ मूठ करत पाव किलो जातो. आठ-दहा दिवस फक्त लिहून काढा, काही सोडू नका, नुसतं लिहा, दुकानाच्या वहीत लिहिता तसं.

ताटात आधी प्रोटीन, मग भाजी, भाकरी शेवटी. दिवसाला निदान 60 ग्रॅम तरी प्रोटीन पाहिजे आणि ते वाटतं तितकं सोपं नाही, एका अंड्यात 6, वाटीभर घट्ट वरणात 6-7, शंभर ग्रॅम पनीरमध्ये 18 च्या आसपास. येळवसला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात गेलात तर भज्जी बिनधास्त खा, भजी नव्हं, भज्जी, त्यात वाल-तूर-हरभरा सगळं असतं. आंबिल मात्र जेवण झाल्यावर अर्ध्या तासानं. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदम घ्यायची नाही, मधे दोन तास जाऊ द्या, आणि लोहाच्या गोळीवर चहा नको. दरवर्षी रक्त तपासायचं, कायमचं.

लाजेचं म्हणाल तर सोयाबीनचा भाव पडला म्हणून तुम्ही काटा झाकून ठेवता का? पुण्याला आधी फोन करा, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवता येतात का विचारा, बहुतेक हो म्हणतील.

प्रश्न : आईचं गॅस्ट्रिक बायपास झालंय. गुडघे दुखले की मेडिकलवरनं गोळी आणून खाते, मिश्री पण सुटंना. काही होतं का? – एक मुलगी, बीड

उत्तर : होतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक असल्या गोळ्यांनी, बायपासमध्ये जठराच्या छोट्या पिशवीला जिथं आतडं जोडलंय तिथं अल्सर होऊ शकतो, तंबाखूनं भीती अजून वाढते. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल किती चालेल ते डॉक्टरांना विचारा आणि मेडिकलवाल्या दादाला तुम्ही स्वतः जाऊन सांगून ठेवा की आईला ती गोळी द्यायची नाही. शी काळी डांबरासारखी झाली तर वाट बघू नका, लगेच दवाखाना. मिश्रीची डबी लपवून काही होत नसतं, माझ्या आजीनं पिठाच्या डब्यातून शोधून काढली होती.

प्रश्न : ऑपरेशनला आठ महिने झाले. पाळी नियमित झाली तशी सासूबाई गोड बातमी कधी म्हणून मागं लागल्यात. – परभणी

उत्तर : अजून थांबायचं, ऑपरेशननंतर 12 ते 18 महिने तरी. वजन उतरत असताना बाळाला पुरेल एवढं तुमच्याच अंगात नसतं. आणि पाळी नियमित झाली म्हणजे दिवस राहायची शक्यता वाढली हेही लक्षात घ्या, कुठलं साधन वापरायचं ते स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा, बायपास असेल तर नुसत्या गोळीवर भरवसा नको. जाताना सासूबाईंनाच सोबत न्या, सुनेनं सांगितलेलं आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं यात घरी फार फरक पडतो. पुढं दिवस राहिले की शुगर तपासायला ग्लुकोजचं गोड पाणी देतात, ते तोंडाला लावायच्या आधी ऑपरेशनचं सांगा, नाहीतर घाम आणि धडधड सुरू होऊन तिथंच बाकावर आडवं व्हायची वेळ येते.