दोन औषधं एका पंपात टाकू का? कापूस उत्पादकांच्या प्रश्नांना उत्तर

प्रश्न : कपाशीवर तुडतुडे आहेत, अळीही दिसायला लागली. दुकानदार म्हणतो दोन्ही औषधं एकाच पंपात टाका, वरून टॉनिक. दोनदा मजुरी परवडत नाही. टाकू का?

नका टाकू, भाऊ. एवढं सांगून तुमचं समाधान होणार नाही, म्हणून कारणही सांगतो. त्यासाठी जॉन कॅसिडा या शास्त्रज्ञाचं काम थोडं समजून घ्यावं लागेल. 1929 साली जन्मलेला हा माणूस 2018 मध्ये वारला. कीटकनाशक किडीच्या शरीरात काय करतं आणि माणसाच्या शरीरात काय, हे शोधण्यात त्याचं आयुष्य गेलं. अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात त्याची प्रयोगशाळा होती. 1993 मध्ये त्याला शेतीसाठीचा वुल्फ पुरस्कार मिळाला.

तरुणपणीच त्याच्या हाती एक गोष्ट लागली. श्राडान नावाचं औषध मूळ रूपात फारसं विषारी नसतं. शरीरात गेल्यावर यकृतच त्याचं जहर करतं. उलटंही घडतं. मॅलॅथिऑन हे कीटकनाशक आपल्या शरीरात गेलं की यकृतातली विकरं, म्हणजे एन्झाइम, त्याचे तुकडे करतात. किडीकडे ही सोय फारच तोकडी, म्हणून ती मरते आणि आपण बचावतो. सायपरमेथ्रिनच्या जातीच्या औषधांनाही आपलं शरीर बऱ्याच अंशी अशीच विकरं वापरून निकामी करतं.

आता नीट ऐका. प्रोफेनोफॉससारखं ऑरगॅनोफॉस्फरस, म्हणजे फॉस्फरस असलेल्या कीटकनाशकांच्या गटातलं औषध नेमकी हीच विकरं बंद पाडतं. कॅसिडाच्या प्रयोगशाळेत उंदरांना आधी प्रोफेनोफॉस देऊन मग दुसरं औषध दिलं, तेव्हा त्या दुसऱ्या औषधाचा विषारीपणा कित्येक पटींनी वाढला. म्हणजे दोन औषधांचं विष नुसतं बेरजेनं वाढत नाही. पहिलं औषध घराचं दार उघडून ठेवतं आणि दुसरं सरळ आत शिरतं. दुकानातल्या फळीवर अमुक औषध सौम्य आणि तमुक कडक, असा हिशोब आपण करतो. पंपात एकत्र केल्यावर तो हिशोब उरत नाही.

मग कंपनीचं तयार मिश्रण कसं विकतात? त्यातलं प्रमाण तपासून ठरवलेलं असतं आणि ते लेबलवर छापलेलं असतं. धोका त्यातही आहेच, म्हणून हातमोजे, मास्क आणि अंगभर कपडे हवेतच. त्यात स्वतःच्या मनानं तिसरं औषध मात्र कधीही घालू नका. बादलीत तुम्ही जे कालवता त्याची तपासणी कोणीच केलेली नसते.

2017 चा खरीप यवतमाळ जिल्हा विसरलेला नाही. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती. सप्टेंबर-ऑक्टोबरची दमट उष्णता होती आणि जास्त दाबाच्या पंपांतून बारीक तुषार निघत होते. दाट ओळींतून चालताना औषध पानांवर कमी आणि तोंडावर जास्त येत होतं. त्यात मिश्रणं. वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्यांतले बरेच दुसऱ्याच्या शेतात रोजानं फवारणारे मजूर होते.

तुमची दोनदा मजुरीची अडचण खरी आहे. पण आधी बघा, दोन्ही फवारण्या लागतात का? एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे सापळे लावा. सलग तीन दिवस रोज एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले, किंवा शंभरात दहा फुलं-बोंडं किडलेली दिसली, तरच गुलाबी बोंडअळीचं औषध. तुडतुडे दर पानाला दोन-तीनच्या आत असतील तर 5 टक्के निंबोळी अर्कावर भागतं. सायपरमेथ्रिनचा मारा वारंवार केला तर पांढरी माशी उसळते, म्हणजे एक फवारणी वाचवायला जाऊन दोन वाढतात.

प्रश्न : माझ्याकडचा गडी सलग आठ दिवस फवारतोय. त्याला काही होत नाही. मग भीती कसली?

आठ दिवस काही झालं नाही म्हणून नवव्या दिवशीही होणार नाही, असं धरू नका. ऑरगॅनोफॉस्फरस औषध मज्जातंतूंतलं एक विकर अडवतं. या विकराचं काम मेंदूकडून आलेला इशारा पोचला की तो पुसून टाकायचं. बंद पडलेलं विकर शरीर हळूहळू नव्यानं बनवतं, त्याला आठवडे लागतात. रोज थोडं थोडं कमी होत गेलं की एक दिवस इशारा पुसलाच जात नाही. मग घाम, लाळ, उलटी, जुलाब, बारीक झालेल्या बाहुल्या, फडफडणारे स्नायू. गड्याचं काम बदला. त्याच्या पाठीकडे एकदा बघा. पंपाचं झाकण गळत असेल तर शर्ट खांद्यापासून कमरेपर्यंत ओला असतो. तो शर्ट तसाच अंगावर ठेवून त्यानं भाकरी खाल्ली, तर औषध दिवसभर कातडीतून आत जातंच राहतं. नोजल तुंबला तर तोंडानं फुंकू देऊ नका, जुना टूथब्रश ठेवा.

प्रश्न : कोणाला चक्कर आली तर आधी काय करायचं?

शेतातून बाहेर सावलीत, मोकळ्या हवेत आणा. कपडे काढा, अंग आणि केस साबणानं धुवा. धुणाऱ्यानंही हातमोजे घालावेत. दूध, मीठ-पाणी पाजू नका, उलटी काढू नका. शुद्ध हरपली असेल तर कुशीवर वळवून ठेवा. 108 ला फोन करा आणि औषधाची बाटली किंवा डबा सोबत द्या, दोन औषधं कालवली असतील तर दोन्ही. ऑरगॅनोफॉस्फरस असेल तर डॉक्टर अ‍ॅट्रोपिन हा उतारा देतात. नुसतं 'फवारणीचं औषध' सांगितलं तर नेमके उपचार ठरवण्यात त्यांचा वेळ जातो.