करंडकाआधी पंख्याविषयी विचार

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या आउटबोर्ड इंजिनांच्या जुन्या शर्यतींविषयी आणि त्यांत उतरणाऱ्या संघांविषयी वयोवृद्ध मंडळींच्या आठवणी नोंदवून ठेवण्याचे तू मनावर घेतले आहेस आणि सुरुवात कोणापासून करावी, असे मला विचारले आहेस. सोबत पाठवलेली यादीही मी पाहिली. तिच्यात विक्रमवीर चालक आहेत, कारखान्यांच्या संघांतील नामवंत आहेत आणि ज्यांच्या घरी करंडकांची कपाटे भरलेली आहेत असे लोक आहेत. या मंडळींना तू अवश्य भेट, पण सर्वांत शेवटी. त्यांची कहाणी आधीच अनेकदा सांगून झालेली आहे; ती सांगण्याची त्यांना सवय झाली आहे, आणि सवयीने सांगितलेल्या गोष्टीत नवे काही हाती लागत नाही.

हे असे का झाले, ते समजून घे. ओल एव्हिनरूड याने १९०९ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी येथे आपले आउटबोर्ड इंजिन विक्रीस आणले आणि १९३९ मध्ये तिथून जवळच असलेल्या सीडरबर्ग गावी कार्ल कीकहेफर याने ती कंपनी सुरू केली, जी पुढे मर्क्युरी या नावाने ओळखली गेली. एकाच राज्यातील या दोन घराण्यांचे वैर पुढे अर्धशतकाहून अधिक काळ चालले, आणि शर्यतीतील विजय ही दोघांच्याही दृष्टीने प्रथम जाहिरात होती. त्यामुळे विजयाची छायाचित्रे निघाली, पत्रके छापली गेली, विजेत्याचे नाव जपले गेले. ७ जून १९५८ रोजी सिॲटलच्या लेक वॉशिंग्टनवर ह्यू एन्ट्रॉप याने मर्क्युरीच्या सहा सिलिंडरच्या इंजिनावर ताशी १०७.८२१ मैलांचा वेग नोंदवला आणि आउटबोर्ड इंजिनाने शंभर मैलांची मर्यादा पहिल्यांदा ओलांडली, ही हकिकत तुला कुठेही वाचायला मिळेल. दोनच वर्षांनी, १९६० मध्ये, तोच एन्ट्रॉप प्रतिस्पर्धी एव्हिनरूडच्या इंजिनावर ॲरिझोनातील लेक हवासू या तळ्यावर १२२.९७९ मैलांवर पोहोचला. या दोन आकड्यांच्या मध्ये एका माणसाने पक्ष बदलला, आणि त्याच्याबरोबर इंजिन जुळवणारे, बोटीला पुढे ढकलणारे पंखे (प्रोपेलर) घासणारे, बोट उचलणारे असे कितीतरी हात कामाला लागले असतील. त्या हातांची नावे पत्रकांत नाहीत. तुझे काम तिथून सुरू होते.

माझे मत विचारशील, तर कारखान्यांच्या लढाईपेक्षा १९५० च्या दशकातील ‘स्टॉक’ वर्गाच्या शर्यती मला अधिक मोलाच्या वाटतात. इंजिनाच्या सिलिंडरांच्या घनफळावरून वर्ग ठरत असत: बी वर्गाला २० घनइंच, सी वर्गाला ३०, डी वर्गाला ४०. स्टॉक वर्गात इंजिन कारखान्यातून जसे बाहेर पडले तसेच वापरण्याचे बंधन होते. मर्क्युरीचे मार्क २०एच हे इंजिन विकत घ्यायचे, मासिकात छापलेल्या आराखड्यावरून गॅरेजमध्ये प्लायवूडची बोट बांधायची, ती ट्रेलरवर चढवायची आणि शनिवारी पहाटे तळ्याकडे निघायचे, एवढ्या भांडवलावर माणसे शर्यतीत उतरत. संघ म्हणजे बहुधा कुटुंबच. वडील इंजिन सांभाळत, मुलगा किंवा मुलगी चालवी, आई घड्याळ आणि कागद हाती घेऊन काठावर उभी राही, आणि एखादा काका किंवा शेजारी कमरेइतक्या पाण्यात उतरून बोटीची मागची बाजू धरून ठेवी.

त्या पाण्यातल्या माणसाकडे आधी जा. मार्क २०एचचा खालचा भाग, ज्याला सगळे ‘क्विकसिल्व्हर’ म्हणत, तो अत्यंत सडपातळ होता. त्याला गिअर बदलण्याची सोय नव्हती, न्यूट्रल नव्हते, आणि इंजिन व पंखा यांच्या फेऱ्यांचे प्रमाण एकास एक होते. दोरी ओढून इंजिन पेटले की त्याच क्षणी पंखा फिरू लागे. म्हणून मागच्या माणसाला बोटीचा मागचा भाग उचलून धरावा लागे आणि चालक गुडघ्यांवर नीट बसला की ती योग्य दिशेने सोडून द्यावी लागे. हे काम करणाऱ्यास इंजिन कसे पेटत होते, किती वेळा दोरी ओढावी लागे, आपली बोट शेजारच्या बोटीपेक्षा लवकर का उठे, हे सारे अंगाने माहीत असते. चालकाला सहसा आठवते ते वळण. या माणसाला इंजिन आठवते. तुमच्या घरची मालवणची होडी आउटबोर्डवरच चालते आणि तिचा गिअरकेस तू स्वतः उघडून बसवला आहेस, त्यामुळे त्याचे बोलणे तुला जितके कळेल तितके इथल्या पत्रकारालाही कळणार नाही. या लाभाचा उपयोग कर.

प्रश्न विचारताना ‘तुमचा सर्वांत संस्मरणीय विजय कोणता?’ असा प्रश्न टाळ, कारण त्याला उत्तर म्हणून पाठ केलेले भाषणच मिळते. त्याऐवजी एखादा जुना पंखा टेबलावर ठेव. शर्यतीचा पंखा बहुधा दोन पात्यांचा असे, त्याच्या कडा सुरीसारख्या पातळ केलेल्या असत, आणि पुरा वेग आल्यावर त्याचा काही भाग पाण्याबाहेरच फिरत असे. पात्याच्या मागच्या कडेला हातोडीने दिलेला किंचित बाक, इंजिन ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या फळीवर, पाव इंच वर घ्यायचे की खाली, वारा समोरून असेल तर कोणता पंखा आणि पाणी आरशासारखे सपाट असेल तर कोणता, यांवर शर्यती जिंकल्या आणि हरल्या गेल्या. पंखा हातात घेताच म्हातारा माणूस त्याची कड अंगठ्याने चाचपतो आणि मग आपण न विचारलेलेही सांगू लागतो. स्पार्क प्लगचेही तसेच आहे: पूर्ण वेगात असताना इंजिन एकदम बंद करून काढलेला प्लग तपकिरी निघाला तर मिश्रण बरोबर, पांढरट निघाला तर पेट्रोल कमी पडते आहे, काळा निघाला तर जास्त होते आहे, हे वाचन ज्याच्याकडे असे तो संघाचा खरा मालक होता, मग बोट कोणाच्याही नावावर असो.

ऐकलेले पडताळून पाहण्याचा एक साधा उपाय मी वर्षानुवर्षे वापरत आलो आहे आणि तो तुला देतो. वेगाचे आकडे आठवणीत वाढत जातात. त्यात खोटेपणा नसतो, पण पन्नास मैलांचे साठ आणि साठाचे सत्तर होतात. अशा वेळी इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या किती होत्या आणि पंख्याची पिच, म्हणजे न घसरता एका फेरीत तो जेवढा पुढे जाईल ते अंतर, किती इंच होती, एवढे विचार. फेऱ्यांना पिचने गुणावे, गिअरचे प्रमाण असेल तर त्याने भागावे, आणि आलेल्या संख्येस १,०५६ ने भागावे, म्हणजे ताशी मैलांत तात्त्विक वेग मिळतो. ६,५०० फेऱ्या, ११ इंच पिच आणि एकास एक प्रमाण धरले, तर उत्तर सुमारे ६८ मैल येते; पंखा पाण्यात घसरतो त्याबद्दल दहा टक्के वजा केले की ६१ उरतात. त्या इंजिनावर ऐंशी मैल गाठल्याचे कोणी सांगितले, तर वाद घालू नकोस. नोंदवहीत त्याचे वाक्य जसेच्या तसे लिही आणि शेजारी आपले गणित मांड.

उलट, अशक्य वाटणाऱ्या काही गोष्टी खऱ्या निघतात. ‘मी शर्यतीची एकही फेरी (हीट) जिंकलो नाही, तरी करंडक मलाच मिळाला,’ असे कोणी म्हणाले, तर हसू नकोस. अमेरिकन पॉवर बोट असोसिएशनच्या पद्धतीत पहिल्यास ४००, दुसऱ्यास ३००, तिसऱ्यास २२५ गुण मिळतात आणि दोन फेऱ्यांची बेरीज धरली जाते. दोन्ही वेळा दुसरा आलेला ६०० गुणांवर असतो. एक फेरी जिंकून दुसरीत बाद झालेला ४०० वरच राहतो. आणि बाद होणे अगदी सोपे होते, कारण या शर्यती थांबलेल्या स्थितीतून सुटत नसत. मोठ्या घड्याळाचा काटा शेवटचे मिनिट मोजत असताना सगळ्या बोटी वेगात फिरत येत, आणि काटा शून्यावर पोहोचेल त्याच क्षणी रेषा ओलांडण्याचा प्रयत्न करीत. निमिषभर आधी ओलांडली, तर ती फेरी वाया. म्हणूनच काठावर कागद धरून बसलेल्या बायकांना भेट, असे मी आग्रहाने सांगतो. गुणपत्रके त्यांनीच लिहिली, आणि कित्येकींनी ती अजून खोक्यांत जपून ठेवली आहेत. शर्यतीनंतर विजेत्याचे इंजिन उघडून मोजमाप घेणारे तपासनीसही तितकेच महत्त्वाचे साक्षीदार आहेत. कोणाच्या सिलिंडरमध्ये काय सापडले, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते, आणि आता इतक्या वर्षांनी ते सांगायला त्यांची हरकतही नसते.

कारखान्यांच्या संघांविषयी मात्र थोडे वेगळे धोरण ठेव. कीकहेफरने १९५७ मध्ये फ्लोरिडातील एक निर्जन तळे चाचणीसाठी घेऊन त्याला ‘लेक एक्स’ असे नाव दिले, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना ते कुठे आहे याचा पत्ताच लागू नये. तेव्हा त्या संघांत गुप्तता ही नोकरीचीच अट होती, आणि तिथे काम केलेली काही माणसे अजूनही आवाज खाली आणून बोलतात. पुढे मर्क्युरीच्या शर्यत विभागाची धुरा गॅरी गार्ब्रेक्टकडे आणि ओएमसीची, म्हणजे एव्हिनरूड-जॉन्सनच्या मालक कंपनीची, जॅक लीककडे आली. लेक हवासूवरील जागतिक स्पर्धा, पॅरिसमध्ये सेन नदीवर होणारी सहा तासांची शर्यत आणि १९६४ पासून फ्रान्समधील रूआँ येथे लाक्रोआ बेटाभोवती चालणारी चोवीस तासांची शर्यत, या ठिकाणी हे दोन संघ समोरासमोर येत. १९७० च्या दशकात ओएमसीने पिस्टनऐवजी फिरते रोटर असलेले चार रोटरचे वँकेल इंजिन बोटीच्या मागे लावले, तेव्हा त्या चिरक्या आवाजाने काठावरच्या लोकांनी कान झाकले म्हणतात. इथे विजेता कोण हे विचारण्यापेक्षा रात्री दोन वाजता रूआँच्या पुलाखाली पेट्रोल कसे भरले, कोण झोपले, कोण जागले, सुटे भाग कोणत्या गाडीतून आले, हे विचार.

युरोपातील छोट्या कार्यशाळा विसरू नकोस. इटलीत लेक कोमोच्या काठी मोलिनारी पितापुत्रांनी बोटी बांधल्या आणि रेनातो मोलिनारी १९८१ मध्ये फॉर्म्युला वन बोटशर्यतीचा पहिला जगज्जेता ठरला. बर्लिनच्या डीटर कोनिगची चार सिलिंडरची टू-स्ट्रोक इंजिने मिथेनॉलवर चालणाऱ्या वर्गांत धाक बाळगून होती. त्यातलेच ५०० सीसीचे इंजिन मोटारसायकलच्या सांगाड्यात बसवून किम न्यूकम नावाचा न्यूझीलंडचा तरुण १९७३ च्या जागतिक मालिकेत दुसरा आला, पण तो निकाल लागण्याआधीच सिल्व्हरस्टोन येथील अपघाताने त्याचा जीव घेतला होता. बोटीचे इंजिन इतक्या दूरवर गेले, हे ऐकून इथल्या जुन्या मंडळींनाही आश्चर्य वाटते. विषय काढून बघ.

अपघातांविषयी मात्र तू होऊन विचारू नकोस. गुडघ्यांवर बसून, पातळ प्लायवूडवर, तळव्यात दाबून धरायचा थ्रॉटल एवढीच सुरक्षा घेऊन ही माणसे धावली. हात सुटला की थ्रॉटल आपोआप मिटत असे. वारा खाली शिरून बोट उलटली की पाणी दगडासारखे लागते. १९८४ च्या मोसमात फॉर्म्युला वन बोटशर्यतींत चालकांचे मृत्यू झाले, आणि त्यानंतर क्रिस हॉजेस याने आखलेली बंदिस्त सुरक्षा-कोठडी बोटींत येऊ लागली. ज्याला बोलायचे असते तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत स्वतःच त्या दिवसावर येतो. तेव्हा ध्वनिमुद्रण चालू ठेवावे की नाही, हे त्यालाच विचारावे, आणि तो नको म्हणाला तर यंत्र बंद करून नुसते ऐकावे.

घाई कुठे करावी, तेही सांगतो. ओएमसी डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि तिचे कामगार विखुरले. पुढे दुसऱ्या मालकाकडे गेलेले एव्हिनरूड इंजिनांचे उत्पादनही मे २०२० मध्ये थांबले. कंपनी बुडते तेव्हा कागद कचऱ्यात जातात किंवा एखाद्या फोरमनच्या तळघरात. मर्क्युरी चालू आहे, तिची कागदपत्रे कोणी ना कोणी सांभाळील. म्हणून आधी एव्हिनरूड आणि जॉन्सनकडच्या माणसांना गाठ.

तू स्वतःसाठी मर्क्युरीचे जुने मार्क ५५एच इंजिन घेण्याचा विचार लिहिला आहेस. घे, पण त्याचा रंग खरवडू नकोस आणि जुने आकडे, हाताने कोरलेल्या खुणा, वेड्यावाकड्या बसवलेल्या पट्ट्या काढू नकोस. त्या इंजिनाचा मालक कोण होता, हे बहुधा त्यांवरूनच शोधता येते. आत वंगण म्हणून वापरलेल्या एरंडेलाचा वाळलेला चिकट थर असेल, तो सावकाश मऊ करावा लागेल, आणि तोवर दोरी ओढण्याचा मोह आवर.

उन्हाळ्यात जुन्या बोटींचे मेळे भरतात, तिथे सकाळी लवकर पोहोच. पहिले इंजिन पेटले की कोणीही बोलत नाही, सगळे काठावर जाऊन उभे राहतात. मेळ्याला येण्याआधी मला कळव. बी वर्गात बोट मागून धरणारे एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत, त्यांना तू येणार असल्याचे सांगून ठेवतो. दुपारच्या जेवणानंतर ते झोपतात, तेव्हा त्यांच्याकडे अकराच्या आत जाणे बरे.

कळावे, लोभ असावा.
तुझा काका