पल्लवीला सगळं आठवतं, मग मला का नाही?

पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांतून माझ्याकडे समुपदेशनासाठी जी मुलंमुली येतात, त्यांची एक तक्रार ठरलेली असते. विषय कळतो, वाचायला कंटाळाही येत नाही, पण साल, नाव, कलम, समिती, पुरस्कार म्हटलं की डोकं कोरं होतं. आणि प्रत्येकाच्या खोलीत किंवा शेजारच्या टेबलावर कुणीतरी एक असतं, ज्याला हे सगळं तोंडपाठ असतं. पालकही तेच विचारतात, फक्त शब्द वेगळे असतात: ‘एकाला एकदा वाचून राहतं, आमच्या मुलीला दहादा वाचून राहत नाही. हे जन्मतःच असतं का हो?’

यावर सांगण्यासारखी केस तेजश्रीची. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे बाकीचे तपशीलही, आणि हे लिहायला तिची हरकत नाही.

तेजश्री सांगली जिल्ह्यातल्या ऊसपट्ट्यातली. पदवी झाल्यावर एमपीएससीसाठी पुण्यात आलेली, कॉट बेसिसवर राहणारी. एक पूर्वपरीक्षा थोडक्यात गेली होती. पहिल्याच भेटीत तिनं सॅकमधून एक जाड स्पायरल वही काढून माझ्यासमोर ठेवली. लाल पेनानं साल, हिरव्यानं नाव. एका पानावर खाली खाली उतरत गेलेलं: सार्वजनिक सभा १८७०, सत्यशोधक समाज १८७३, दख्खनचे दंगे १८७५, वासुदेव बळवंतांचं बंड १८७९. पलीकडच्या पानावर मराठीचे ज्ञानपीठ: १९७४, १९८७, २००३, २०१४. पानांचे कोपरे हाताळून हाताळून कापडासारखे मऊ झाले होते.

“मॅडम, ही वही मी किती वेळा वाचलीय त्याला गणती नाही. आणि माझ्या खोलीतली पल्लवी कॉटवर आडवी पडून मोबाईल बघत असते. मेसमध्ये कुणी काही विचारलं की पटकन तीच सांगते. माझ्या मेंदूतच काहीतरी कमी आहे.”

अशा वेळी मी आधी झोप, जेवण आणि रक्त बघते. रात्री दोनपर्यंत जागून सकाळी सहाला अभ्यासिकेतली जागा धरायला पळणाऱ्या मुलीला वाचलेलं राहत नसेल, तर त्यात नवल काही नाही. दिवसभरात मिळवलेली माहिती पक्की करण्याचं बरंचसं काम मेंदू झोपेत करतो. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन हेही एकदा तपासून घ्यावं असं मी सगळ्यांनाच सांगते. तेजश्रीचं हिमोग्लोबिन कमी निघालं, डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. पण तिचा प्रश्न त्यानं सुटत नव्हता. पल्लवीही त्याच मेसमध्ये जेवत होती आणि तितकीच जागत होती.

प्रश्न उलगडला तो उसावरून. घरचं कसं चाललंय असं मी सहज विचारलं. ती म्हणाली, “यंदा बाबांनी २६५ लावलाय. खालचं रान चोपण आहे ना, तिथं ८६०३२ जोर धरत नाही.” हे आकडे म्हणजे उसाच्या जाती, आणि चोपण म्हणजे क्षारांनी बिघडलेली जमीन. मी तिला थांबवलं नाही. मग ६७१ ला उतारा चांगला पण आता कुणी फारसा लावत नाही, चुलत्यांची सरी साडेचार फुटी आणि आमची पाच, आडसालीला कुठल्या वर्षी एकरी किती टन पडला, कारखान्यानं कुठल्या हंगामात पहिली उचल किती दिली, विहिरीकडच्या रानाचा गट नंबर काय, हे सगळं एका दमात. मी समोरच्या कागदावर टिपत होते. पुढच्या भेटीत तोच कागद हातात धरून उलटसुलट विचारलं, तर एक आकडा चुकला नाही.

“हे तू पाठ कधी केलंस?”

“हे काय पाठ करायचं असतं का, मॅडम?” ती हसायलाच लागली.

तिच्यासाठी ८६०३२ हे पाच आकडे नव्हते. त्यात जमीन होती, बाबांचं आणि चुलत्यांचं भांडण होतं, एका वर्षी आडवा पडलेला ऊस होता. माझ्यासारखीला तोच आकडा संध्याकाळपर्यंत टिकला नसता.

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातला एक प्रयोग मी तिला सांगितला. तो १९८० साली प्रसिद्ध झाला. एक साधा विद्यार्थी, आकडे ऐकून लक्षात ठेवण्याची त्याची क्षमता सुरुवातीला सातच्या आसपास, म्हणजे तुमच्या-माझ्याइतकीच. दीड-दोन वर्षं सराव करून तो एका दमात ७९ आकडे परत सांगू लागला. हा मुलगा लांब पल्ल्याचा धावपटू होता. ३, ४, ९, २ असे आकडे आले की तो मनात म्हणायचा, ३ मिनिटं ४९.२ सेकंद, मैलाच्या शर्यतीची जवळजवळ विक्रमी वेळ. धावण्याच्या वेळा त्याच्या डोक्यात आधीपासून भरलेल्या होत्या, नवे आकडे त्यांना जाऊन चिकटत होते. मग संशोधकांनी आकड्यांऐवजी अक्षरं वाचून दाखवली, आणि गडी पुन्हा सहावर आला.

एवढ्या सरावानं त्याची स्मरणशक्ती ‘वाढली’ नव्हती. आकड्यांना अर्थ देण्याची त्याची तयारी वाढली होती. सामान्यज्ञानाच्या बाबतीत लोकांत जो फरक दिसतो, त्याचा मोठा भाग मला इथंच दिसतो. कुठलीही नवी माहिती आधीच्या माहितीशी जोडली गेली तरच टिकते, आणि ज्याच्याकडे आधीची जास्त, त्याचं नवं अधिक लवकर टिकतं. माहितीवर माहितीचं चक्रवाढ व्याज चढत जातं. म्हणून विशीतल्या दोन मुलींमधलं अंतर बुद्धीचं वाटतं. बरेचदा ते पंधरा वर्षांपूर्वी सुरू झालेल्या व्याजाचं असतं.

मी तेजश्रीला एक काम दिलं: पल्लवी नेमकं करते काय, ते आठवडाभर बघ. जळायचं नाही, फक्त बघायचं.

ती आली ती गमतीशीर यादी घेऊन. कुमठेकर रस्त्यावरून चालताना पल्लवी विचारते, हे कुमठेकर कोण? मग मोबाईलवर शोधते. (ती मोबाईल बघत पडलेली असते म्हणजे काय, त्याचा अर्धा उलगडा इथंच झाला.) शोधलेलं ती पोटात ठेवत नाही, जेवताना शेजारी जो बसेल त्याला ऐकवते, रात्री घरी फोनवर पुन्हा ऐकवते. लहानपणी आजोबा तिच्याकडून रोज पेपर मोठ्यानं वाचून घ्यायचे आणि जेवताना त्यावर प्रश्न टाकायचे, हेही तेजश्रीला त्याच आठवड्यात कळलं. आणखी एक गोष्ट तिनं जरा आवाज खाली घेऊन सांगितली: पल्लवी बऱ्याचदा चुकीचंही सांगते, पण इतक्या ठामपणे की कुणी तपासत नाही. आपल्याला तिची बरोबर आलेली उत्तरं तेवढी आठवतात.

या यादीत सगळा मामला आला. कुतूहलाचं बघा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१४ मध्ये असा प्रयोग केला: सामान्यज्ञानाचे प्रश्न द्यायचे, उत्तर जाणून घ्यायची किती उत्सुकता आहे ते विचारायचं, आणि उत्तर दाखवण्यापूर्वीच्या मधल्या काही सेकंदांत एक अनोळखी चेहरा दाखवायचा. ज्या प्रश्नांची उत्सुकता जास्त, त्यांची उत्तरं जास्त लक्षात राहिली, हे अपेक्षितच होतं. पण त्या वेळी मध्ये दिसलेला, कशाशीही संबंध नसलेला चेहराही अधिक लक्षात राहिला. वाट बघणारा मेंदू समोर येईल ते टिपून ठेवतो. तेजश्रीच्या वहीत मात्र नुसती उत्तरं होती, प्रश्न एकही नव्हता.

पल्लवीचं ते ऐकवत सुटणं ही तर अभ्यासाची सगळ्यात मोठी गोष्ट, आणि आपल्याकडे तिला ‘शायनिंग मारणं’ म्हणतात. २००६ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस इथं दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी तो बंद करून आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं चित्र उलटलं: वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. पुन्हा पुन्हा वाचल्यानं मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचं वाटणं म्हणजेच येणं अशी आपली फसगत होते. मऊ झालेल्या कोपऱ्यांची ती वही म्हणजे या फसगतीचा नमुनाच होता.

मग आम्ही त्या वहीतला एकच शब्द घेतला, दख्खनचे दंगे. तिला म्हटलं, साल विसर. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तिथला कापूस इंग्लंडला पोचेना, म्हणून इथल्या कापसाचा भाव गगनाला भिडला. शेतकऱ्याला कर्ज सहज मिळू लागलं, त्यानंही काढलं. युद्ध संपलं, भाव कोसळला, आणि त्यातच सरकारनं सारा वाढवला. पुढे काय झालं असेल?

“सावकार दारात आला असेल,” ती लगेच म्हणाली.

मग १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक सावकारांवर उठले. मागत काय होते? कर्जखतं आणि हिशेबाच्या वह्या. हातात आल्या की जाळून टाकत. वर्षभरात दुष्काळ आला, तो १८७८ पर्यंत हटला नाही. तो दुष्काळ डोळ्यांनी बघितलेले वासुदेव बळवंत फडके १८७९ मध्ये बंड करून उठले, आणि त्याच साली सरकारला शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा करावा लागला. तेजश्री ऐकता ऐकता मध्येच म्हणाली, “मग कायद्यानं कर्ज माफ झालं का?” त्या वहीतल्या मजकुरावर तिनं विचारलेला हा पहिला प्रश्न. उत्तर मी दिलं नाही, शोधून बाबांना सांगायला लावलं.

तो फोन लांबला. बाबांनी त्यांच्या आजोबांच्या वेळच्या सावकाराची गोष्ट सांगितली, वर असा एक प्रश्न टाकला की तो तिच्या पुस्तकातच नव्हता. तेव्हापासून रात्रीची दहा मिनिटं बाबांना काहीतरी सांगायची, असं ठरलं. सकाळी अभ्यासिकेत बसलं की पुस्तक उघडण्याआधी कालचं कोऱ्या कागदावर लिहायचं. तेच पुन्हा आठवड्यानं, पुन्हा महिन्यानं. वहीच्या डाव्या पानावर प्रश्न, उजवं पान रिकामं. सुरुवातीला तिला याचा भयंकर वैताग आला, कारण आठवत नाही हे रोज कागदावर दिसायचं. त्या दिवसांत आमच्या भेटी मुख्यतः तो वैताग ऐकण्यात गेल्या. तसा तो यायलाच हवा. आठवायला जोर लागतो तेव्हाच ते पक्कं होत असतं.

जन्मजात असं काहीच नसतं का? असतं. लक्ष टिकवण्याची, आकडे मनात धरून ठेवण्याची ताकद सगळ्यांची सारखी नसते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा आहे. पण स्मरण ही एकच एक गोष्ट नाही. कॅलिफोर्नियातल्या एका बाईंचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. कुठलीही जुनी तारीख सांगा, तो दिवस त्यांच्या आयुष्यात कसा गेला ते त्या सांगत. याच बाईंना शाळेत पाठांतर काही जमायचं नाही. त्यामुळे ‘माझी स्मरणशक्ती कमी’ असं सरसकट कुणी म्हणालं की मी विचारते, कशाच्या बाबतीत?

तेजश्रीच्या बाबांनी मला स्वतंत्र फोन करून ब्राह्मीचं सिरप सुरू करू का असं विचारलं होतं, आणि एका मेमरी वर्कशॉपची जाहिरातही पाठवली. सिरपवर पैसे घालवू नका, तिला चार फळं पाठवा, असं मी म्हटलं. वर्कशॉपमध्ये शिकवतात त्या युक्त्या, म्हणजे घरातल्या जागांवर एकेक वस्तू ठेवत जाणं वगैरे, खऱ्या आहेत; स्मरणशक्तीच्या स्पर्धा जिंकणारे त्याच वापरतात. पण त्यावर हजारो रुपये घ्यावेत असं त्यात काही नाही, आणि अख्खा आधुनिक महाराष्ट्राचा इतिहास कुणी असा घरभर मांडून शिकू नये.

निकालाचं विचारलं जाणारच. पुढची पूर्वपरीक्षा ती पास झाली, मुख्य थोड्या गुणांनी हुकली, आता पुन्हा देते आहे. इतिहास, भूगोल, शेती यांत तिला आता कुणाचा हेवा वाटत नाही. क्रीडा पुरस्कार, निर्देशांकांमधले देशांचे क्रमांक, कुठली परिषद कुठल्या शहरात भरली, या याद्या मात्र तिच्या कशालाच चिकटत नाहीत. ज्ञानपीठाचं जमलं, कारण खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा, नेमाडे यांचं काहीतरी तिनं कधी ना कधी वाचलं होतं. बाकीच्या याद्यांसाठी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात दोन संध्याकाळी द्यायच्या, राहतील तेवढ्या ठेवायच्या आणि उरलेल्या चार-पाच गुणांवर पाणी सोडायचं, हे तिनंच ठरवलं. मला तो हिशेब पटला.